आमचा ओटा रंग बदलतो

इतिहास लिहिणारे लोक किल्ल्यावर चढतात. आमच्या खेड तालुक्यात त्यांची सोयही उत्तम आहे. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड असे तीन गड एकाच डोंगररांगेवर आहेत. एका दमात झेपले नाहीत तर हप्त्याहप्त्याने चढावेत. इतिहासकार वर जातो, तट बघतो, तोफा मोजतो आणि खाली येऊन ग्रंथ लिहितो. गड कुणी बांधला, कुणी घेतला, कुणी सोडला, सगळं त्या ग्रंथात असतं. पण गडावरची माणसं ज्या जमिनीवर बसून जेवली तिचा रंग कोणता होता, हे मात्र कुठे सापडत नाही.

माझी गोष्ट वेगळी आहे. मी बँकेत कारकून. बी.कॉम., सेकंड क्लास. बावीस वर्षं मान खाली घालून नोकरी केलेल्या माणसाला तटबंदी कुठून दिसणार? त्याला दिसते ती फरशी. तेव्हा फरशीचा इतिहास लिहायला माझ्याइतका लायक माणूस उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसावा. त्यात गेल्या मे महिन्यात आमच्या घरी ओट्याच्या रंगावरून जे रण माजलं, त्याने मला हा इतिहास लिहिणं भागच पाडलं.

आमचं घर जगबुडीपासून फार लांब नाही. नदीचं नाव जगबुडी ठेवणाऱ्या पूर्वजांना पुढचं दिसत असावं. २००५ च्या जुलैत तिने नावाला जागून दाखवलं आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा. त्या रात्री पाणी आमच्या पायऱ्या चढून ओट्यावर आलं, बसलं, आणि सकाळी पाहुण्यासारखं निघून गेलं. जाताना ओट्याला दोन लांब भेगा देऊन गेलं. मग तीन वर्षांत तीन गवंडी आले. तिघांनी तीन ठिगळं लावली, आणि तिघांचे तीन तांबडे. पहिला विटेसारखा, दुसरा गुलाबजामसारखा, तिसरा कुंकू सांडल्यासारखा. लाल कोब्याचं हे असंच असतं. तो एका दमात घातला तरच एकरंगी होतो. सिमेंट बदललं, घोटणारा हात बदलला की रंग बदलतो. शिवाय चाळीस वर्षं पायांनी घासून आलेली तकाकी कुठल्या पोत्यातून आणणार?

"बाबा, आपण डेक करू या," आमची कन्या म्हणाली. ती पुण्याला शिकते, त्यामुळे तिला खेडच्या घरात काय काय करता येईल ते आमच्यापेक्षा जास्त कळतं.

"डेक?" आरामखुर्चीतून अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. पोस्टातून रिटायर. तरुणपणी दाभोळहून बोटीने मुंबईला जायचे तेव्हा डेकचं तिकीट सर्वांत स्वस्त असे. उघड्यावर, ट्रंकेवर डोकं ठेवून, शेजाऱ्याच्या ओकारीपासून अंग वाचवत केलेला तो प्रवास. "पैसे खर्च करून डेकवर कशाला जायचं?" असा त्यांचा रास्त प्रश्न होता.

पण कन्येने समजावून सांगितलं. हा डेक लाकडाचा नाही आणि प्लॅस्टिकचाही नाही, दोन्हीचा मिळून. कंपोझिट. वाळवी लागत नाही, पॉलिश लागत नाही, फक्त जुन्या ओट्यावर पट्ट्या ठोकायच्या आणि त्यावर फळ्या बसवायच्या. आमच्या हिला "पॉलिश लागत नाही" एवढंच ऐकू आलं आणि ठराव बहुमताने मंजूर झाला. चिपळूणच्या एका दुकानदाराकडून आठ तुकडे आले. प्रत्येक तुकडा वीतभर, आणि प्रत्येकाला एक इंग्रजी नाव. टीक, वॉलनट, सँड, चारकोल, असलं काही. आता यातला एक निवडायचा होता.

वाचकहो, इथे इतिहासाची गोम आहे. आमच्या घराण्यात ओट्याचा रंग या आधी कुणी निवडलाच नव्हता.

आजीच्या काळात ओटा शेणाने सारवलेला होता. शेणाचा रंग निवडायचा म्हणजे म्हशीला विचारायला हवं. ताजं असताना हिरवट, वाळलं की पिवळट करडा. पावसाळा संपला की आधी जमीन उकरायची, माती पसरून पाणी मारायचं, मग चोपण्याने बडवून सपाट करायची आणि त्यावर सारवण. दिवाळीच्या आत हे झालं नाही तर घरातल्या बाईची गावात पत जात असे. लहानपणी माझ्या वाट्याला एक विशेष काम होतं. टॉर्चचे संपलेले सेल दगडाने फोडून आतली काळी भुकटी काढायची. ती शेणात कालवली की मागच्या पडवीची जमीन काळीभोर, गुळगुळीत निघे. ती भुकटी म्हणजे कोळसा आणि मँगनीजचा ऑक्साईड, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की हात चार दिवस काळे राहतात आणि शाळेत मास्तर पाचव्या दिवशी मारतात. आज कुणी तसले उद्योग करू नयेत.

अंगणाचा रंग तर त्याहून जुना. आपल्या कोकणात जांभा आहे. लाखो वर्षं पाऊस पडत राहिला, खडकातलं जे जे विरघळण्यासारखं होतं ते धुऊन समुद्राला गेलं, आणि न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर वसुली झाली नाही ते खात्यात उरलं. तोच हा जांभा. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या साहेबाने केरळात अंगाडीपुरमला हा दगड पाहिला. जमिनीतून काढताना तो मऊ, कुऱ्हाडीने चिरे पाडावेत इतका, आणि वाऱ्यावर ठेवला की कठीण. लोक त्याची घरं बांधत होते, म्हणून साहेबाने १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं. आमचे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून त्याला चिरा म्हणत होते, पण त्यांनी ते छापलं नव्हतं. जांभ्याची लाली ती लोखंडाच्या गंजाची. आमची माती लाल, चिरे लाल, पावसाळ्यात ओहोळ लाल आणि धोतरांचे सोगे बारा महिने लाल.

दुसरा कालखंड सिमेंटचा. सिमेंटचं नावसुद्धा रंगावरून पडलेलं आहे. १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने त्याचं पेटंट घेतलं आणि वाळल्यावर ते पोर्टलंड बेटावरच्या प्रसिद्ध दगडासारखं दिसतं म्हणून त्याला 'पोर्टलंड सिमेंट' म्हटलं. म्हणजे जाहिरातच. हिंदुस्थानात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ पासून सिमेंट निघू लागलं. १९२२ मध्ये फिरोजशहा सिधवांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला. विलायती लाद्यांना देशी उत्तर म्हणून. त्या नक्षीच्या लाद्यांवर झोपून आमच्याकडचे चाकरमानी मुंबईत लहानाचे मोठे झाले आणि गणपतीत गावी आले की "आमच्या बिल्डिंगीत ना, लादीवर फुलं असतात फुलं!" असं सांगून आमच्या शेणाच्या ओट्याचा अपमान करू लागले. त्या अपमानापोटीच गावोगावचे ओटे लाल झाले असं माझं मत आहे. इतिहासकारांनी ते खोडून काढावं.

आमचा ओटा लाल झाला १९८४ साली. मी तेव्हा चार वर्षांचा. सिमेंट अजून पूर्ण मोकळं झालेलं नव्हतं. भाव सरकार ठरवणार, वाटपही सरकार करणार आणि आपण तहसील कचेरीत अर्ज करून परवाना मिळवणार, असा तो सगळा कारभार होता. १९८२ च्या फेब्रुवारीत नियंत्रण थोडं सैल झालं आणि काही माल उघड्या बाजारात येऊ लागला; पूर्ण सुटलं ते १९८९ च्या मार्चमध्ये. त्या दिवसांत घरात सिमेंटची दहा पोती असलेला माणूस आणि घरात दहा तोळे सोनं असलेला माणूस यांच्याकडे शेजारी एकाच नजरेने बघत. सोनं निदान भिंतीला लावलेलं कळत नसे.

लाल रंगही अण्णांनी निवडला असं म्हणता येणार नाही. दुकानात लाल ऑक्साईड होता, गवंड्याला लाल घालता येत होता आणि आळीतले चार ओटे लाल झाले होते. सिमेंटमध्ये तो लाल कोरडाच कालवायचा, चाळणीने दोनदा चाळायचा, ओल्या थरावर पसरायचा आणि थापीने घोटत राहायचं. गवंडी उकिडवा बसून मागे मागे सरकत जाई आणि त्याच्यापुढे आरशासारखी जमीन उगवत येई. मग दहा दिवस पाणी मारायचं. त्यानंतर खोबरेल तेलाचा हात. आता गंमत बघा. ऑक्साईड म्हणजे काय? लोखंडाचा गंज. म्हणजे जी लाली अंगणात फुकट पडलेली होती, तीच आम्ही दुकानातून किलोवर विकत आणली आणि ओट्यावर पसरली. बँकेत याला आम्ही एका खात्यातून काढून त्याच खात्यात भरणं म्हणतो. पण एक खरं, हा रंग उन्हाने उडत नाही. लोखंड एकदा गंजून झालेलंच आहे, आता आणखी त्याचं काय होणार? आमच्या बँकेत अशी दोनतीन माणसं आहेत.

त्या लाल ओट्याला चारी बाजूंनी चार बोटं रुंद काळी पट्टी होती. आल्यागेल्याने तिचं कौतुक करावं. "काय हो पोस्टमास्तर, बॉर्डर झकास काढलीत! साडीचा काठ जसा!" अण्णा पोस्टमास्तर नव्हते, कारकून होते, पण ते दोन्ही कौतुकं निमूटपणे स्वीकारत.

तिसरा कालखंड हा आठ तुकड्यांचा. त्याचा इतिहास मी रात्री जागून जमवला. लाकडाचा भुसा आणि बरेचदा टाकाऊ प्लॅस्टिक पिशव्या एकत्र करून तापवायच्या आणि सोऱ्यातून शेव पाडावी तशा साच्यातून फळ्या पाडायच्या. अमेरिकेत १९९० च्या सुमारास हा उद्योग सुरू झाला. मोबिल या तेलकंपनीतला तो विभाग १९९६ मध्ये बाहेर पडला आणि ट्रेक्स नावाची स्वतंत्र कंपनी झाली. त्याच सुमारास तिकडे एक निराळी भानगड चालली होती. तिथले लोक घरामागच्या डेकसाठी आर्सेनिकयुक्त औषध मुरवलेलं लाकूड वापरत, आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. वाळवी मरे, पण त्यावर पोरं रांगत होती. २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद झालं आणि भुशाच्या फळ्यांना बरकत आली. सुरुवातीच्या फळ्यांचा रंग उन्हात फिका पडे, तेलाचे डाग आत मुरत. मग कारखानदारांनी फळीवर प्लॅस्टिकचं पातळ कवच चढवलं, जसं आपण वहीला कव्हर घालतो. आणि त्यातल्या लालसर, तपकिरी छटांसाठी बरेचदा काय वापरतात म्हणता? तोच लोखंडाचा ऑक्साईड. जग फिरून आलो आणि पुन्हा आमच्या अंगणात.

एवढा अभ्यास झाल्यावर घरात मतदान झालं. कन्येला चारकोल हवा होता, म्हणजे कोळशासारखा करडा. तो सध्या सगळीकडे आहे म्हणे. आमच्या हिला टीक, म्हणजे सागवानी. सागवानी ओटा म्हटल्यावर तिच्या माहेरच्यांनी गप्प बसायला हवं, एवढा एकच निकष. मला रंगाचं काही नव्हतं, पण पैसे माझे होते, म्हणून मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. कर्ज देताना आम्ही माणसाची सात कागदांनी परीक्षा घेतो, मग फळीची का नको?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता आठही तुकडे अंगणात मांडले. तासाभराने अनवाणी एकेकावर उभा राहिलो. वाळूच्या रंगाचा बरा. सागवानी सोसवेल असा. चारकोलवर मी किती वेळ उभा राहिलो हे सांगता येणार नाही, कारण घड्याळ बघायला वेळ मिळाला नाही. गडद रंग ऊन पितो हे शाळेत शिकलो होतो. ते तळपायांना त्या दिवशी कळलं. अमेरिकेतला माणूस डेकवर बूट घालून हिंडत असेल. आपल्याकडे चपला पायरीखाली राहतात.

मग डागांची परीक्षा. फणसाचा चीक, आमसुलाचं पाणी, आमरस, हळद घातलेलं तेल आणि शेवटी पसाभर लाल चिखल. बरसात तीन हजार मिलिमीटरच्या वर होते तिथे चिखल हा अपवाद नसतो, तो भाडेकरू असतो. सगळं धुऊन काढलं. फिक्या रंगावर चिखलाचं अंग पुसट राहिलंच. चारकोलवर चिखल वाळून पांढुरका दिसू लागला. सागवानीवर मात्र काही कळेना. आमच्या हिने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "याचा अर्थ तो स्वच्छ आहे असा नाही, मळ दिसत नाही एवढाच." ती म्हणाली, "अहो, पाहुण्याचे पाय दिसू नयेत, म्हणूनच तर रंग असतो." कॉमर्सच्या कुठल्याही पुस्तकात मला इतकी सरळ व्याख्या मिळाली नव्हती.

तर सागवानी ठरला. मी शेवटची औपचारिकता म्हणून आठही तुकडे ओट्याच्या कडेला ओळीने मांडले आणि अण्णांना हाक मारली. अण्णांना काचबिंदू आहे. समोरचं थोडंफार दिसतं, कडेचं जातं. ते काठी टेकत आले, उभे राहिले. सगळे तुकडे त्यांनी न बोलता पाहिले. कन्या म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कुठला आवडला?"

अण्णा म्हणाले, "रंग कुठलाही घाला गं. पण कड कुठाय?"

"कड म्हणजे?"

"संपतो कुठे ओटा?"

आम्ही तिघेही हसलो. म्हाताऱ्या माणसाच्या प्रश्नाला हसतात तसे. दुकानदाराच्या चित्रात सगळा डेक एका रंगाचा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अण्णा परत जाऊन खुर्चीत बसले.

रात्री मला झोप येईना. मी अण्णांच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या काढल्या. मूळ ओट्याला खर्च किती आला होता ते बघून आताच्या खर्चाचं वाईट वाटून घ्यावं, असा साधा हेतू. १९८४ ची वही मिळाली. पोस्टातलं अक्षर, एकेक आकडा शिक्का मारल्यासारखा. सिमेंट, वाळू, लाल ऑक्साईड, गवंडी, बिगारी, चहा. सगळं बरोबर होतं. पण काळा ऑक्साईड कुठेच नव्हता. मी बेरीज पुन्हा केली, ती जुळली. बावीस वर्षांच्या सवयीने मी पान उलटलं. अकरा दिवसांनंतरच्या तारखेला एक ओळ होती.

"काळा ऑक्साईड अर्धा किलो, गवंडी अर्धा दिवस. आई पडली."

मी ती ओळ तीन वेळा वाचली. दहा दिवस पाणी मारून झालं, अकराव्या दिवशी ओट्यावर चालायची परवानगी मिळाली आणि आजी नव्या ओट्यावर हिंडायला निघाली. आजीला मोतीबिंदू होता. ओटा लाल, अंगण लाल. तिला दोन्ही एकच दिसलं. अण्णांनी त्याच दिवशी गवंड्याला परत बोलावलं, नवाकोरा कोबा कडेने छिनायला लावला आणि काळी पट्टी भरून घेतली. चाळीस वर्षं लोक तिला साडीचा काठ म्हणत राहिले आणि अण्णांनी एकदाही खुलासा केला नाही. आमच्या घराण्यात ओट्याचा रंग कुणी निवडलाच नाही, असं मी वर छातीठोकपणे लिहून ठेवलं आहे. तो मजकूर रद्द समजावा. चूक खाडाखोड न करता उघडपणे दुरुस्त करावी, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात.

सकाळी मी चिपळूणच्या दुकानदाराला फोन केला. म्हटलं, फळ्या सागवानी, पण चारी कडांना एकेक फळी चारकोलची पाहिजे. मला वाटलं तो हसेल, नाहीतर ज्यादा पैसे मागेल. त्याने दोन्ही केलं नाही असं नाही, पैसे मागितलेच. पण आधी म्हणाला, "वा साहेब! तुम्हाला कसं माहीत? पिक्चर फ्रेम म्हणतात त्याला. एकदम लेटेस्ट आहे!"

कन्येला तिचा चारकोल मिळाला, आमच्या हिला तिचा सागवान मिळाला. जुना लाल कोबा ठिगळांसकट खाली तसाच राहिला. पावसाच्या आधी फळ्या बसल्या. बसवणाऱ्याने दोन फळ्यांमध्ये बारीक फट सोडली आहे, कारण उन्हाने त्या वाढतात. त्या फटीतून आजवर दोन नाणी, एक सेफ्टी पिन आणि माझ्या पेनाचं टोपण १९८४ सालात जाऊन पडलं आहे.

पहिल्या दिवशी अण्णा काठी घेऊन निघाले. आमची ही धरायला पुढे झाली, त्यांनी हातानेच नको म्हटलं. गडद पट्टी आली तसे थांबले, काठीने दोनदा ठोकून पाहिलं आणि पायरी उतरून अंगणात गेले. डेकबद्दल ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी शेजारचे निवृत्त हेडमास्तर आले आणि म्हणाले, "बॉर्डर झकास आहे हो! साडीच्या काठासारखी!" मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसले होते. मग मीही काही खुलासा केला नाही.

रात्री माझ्या वहीत खर्च मांडला. फळ्या, पट्ट्या, स्क्रू, मजुरी, टेम्पो, चहा. शेवटची ओळ लिहिताना चष्मा पुसून घ्यावा लागला, कारण या वर्षी माझाही नंबर वाढला आहे. मग लिहिलं: "कडेची गडद फळी, चार बाजू. अण्णांसाठी, पुढे मला चालेल."